पाठ झालेला हात

मॅडम फोन घ्यायला उठून गेल्या, आणि पडद्यावर तो हात तसाच राहिला.

बाही कोपराच्या वर दुमडलेली. पांढऱ्या चादरीवर तळवा वर करून ठेवलेला डावा हात. मनगटापाशी एक तीळ, कोपराजवळ चंद्रकोरीसारखी जुनी, फिकट खूण. आणि कोपराच्या खळगीतून खाली येऊन दोन वाटांनी फुटलेली निळसर शीर... मॅडमनी आत्ताच पेनाच्या टोकाने दाखवलेली.

बारकी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती, फोन साखरेच्या डब्याला टेकवून. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. साथ आली, कॉलेजला कुलूप लागलं, वसतिगृहातल्या मुली आपापल्या घरी पांगल्या, आणि जे वॉर्डात उभं राहून शिकायचं ते डब्यासमोर बसून शिकायची पाळी आली. घरात दोन लेकी. थोरली लग्न होऊन गेलेली, म्हणून ही बारकी. वय वाढलं तरी नाव काही वाढलं नाही.

तास संपला असं समजून बाकीच्या मुली एकेक करून निघून गेल्या होत्या. बारकीच्या फोनला सगळंच उशिरा कळायचं, म्हणून ती तेवढी मागे राहिली.

पडद्यावरची बोटं जराशी हलली.

"कुणी आहे का अजून?" हाताने विचारलं.

बारकी दचकली. इतके दिवस तो नुसता हात होता. कुणाचा म्हणून विचारलं की मॅडम म्हणायच्या, "पेशंटचा समजा." मुलींनी आपसात त्याचं नाव हातराव ठेवलं होतं. हातरावांना आवाजही असेल, आणि तो असा जरासा खर्जातला, लाजरा असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मी आहे," ती म्हणाली.

"मग मॅडम आल्या की एक आठवण कराल? पट्टा सोडायचा राहिलाय. बोटांना मुंग्या आल्यात."

शीर फुगावी म्हणून दंडाला बांधलेला रबरी पट्टा. बारकी स्टुलावर ताठ झाली. "तो इतका वेळ ठेवायचा नसतो. तुम्हीच काढा आधी."

"हलायचं नाही अशी ताकीद आहे मला. हललो तर वरचा कॅमेरा पडतो. परवा पडला तेव्हा तुमचा अख्खा वर्ग छत बघत बसला होता."

"पडू दे पडला तर. दुसऱ्या हाताने टोक ओढा. ओढलं का?"

धाडकन काहीतरी आपटलं. हात गेला आणि पडद्यावर एक पंखा आला.

"पडला," आवाज म्हणाला.

"दिसतोय. पंख्यावर धूळ आहे तुमच्या."

"उद्या पुसतो." थोडं थांबून, "बरं वाटतंय आता. तुम्ही चांगल्या नर्स होणार."

बारकीच्या मागे कुकरची शिट्टी झाली. तिने मान वळवली.

"किती झाल्या?" पंख्याने विचारलं.

"काय माहीत... तुमच्या नादात मोजल्याच नाहीत."

त्या दिवशी घरात भाताचा लगदा झाला. आई म्हणाली, "अभ्यासात होतीस म्हणून बोलत नाही." बारकी खाली मान घालून जेवली. उगीचच हसू येत होतं.

---

मॅडम शिस्तीच्या. तास संपला की हात धुवायला जायच्या, आणि ते धुणं साथीच्या दिवसांतलं, सावकाश, बोटांच्या पेरापेरापर्यंतचं. तेवढा वेळ हात पडद्यावर असायचा. बारकीचा फोन रोज उशीर करायला लागला.

त्याचं काम लॅबमधलं होतं. रबराचे, प्लॅस्टिकचे जे डमी पेशंट असतात, त्यांची देखभाल करायची. कॉलेजच्या मागच्या खोलीतच राहायचा, म्हणून सगळे गेले तरी तो उरला. आणि रबराच्या हाताला नाडी नसते, म्हणून मॅडमनी त्याला धरलं.

"सगळे चादर ओढून झोपलेत इथे," तो सांगायचा. "एवढ्या मोठ्या खोलीत जागा असा मी एकटाच."

"भीती नाही वाटत?"

"त्यांची नाही वाटत. ते काही टोचत नाहीत."

"म्हणजे?"

बोटं मुठीत गेली. "मला सुईची भीती वाटते. हसू नका."

बारकी हसलीच. "आणि नोकरी नर्सिंग कॉलेजात?"

"इथे डमींना टोचतात, मला नाही. म्हणून तर निश्चिंत होतो इतकी वर्षं. आता मॅडम सलाईनची सुई शिकवायला घेणार म्हणतात, तेव्हापासून झोप उडालीय माझी."

सुईच्या तासाला त्याचा हात खरंच थरथरला. मॅडमनी एक सुस्कारा सोडला, आणि सुई रबराच्या हातात घातली. जिवंत हातावर फक्त पेनाने खूण केली. "इथे शीर फुटते, दिसतंय ना सगळ्यांना? ह्या फाट्याच्या जरा वर जायचं." तास संपल्यावर बारकीने हळूच विचारलं, "गेली का भीती?" उत्तरादाखल अंगठा वर झाला. एवढंच. पण तो अंगठा तिच्या डोळ्यांसमोरून दोन दिवस हलला नाही.

त्याने तिचा चेहरा पाहिला नव्हता. स्वयंपाकघर दिसू नये म्हणून तिचा कॅमेरा बंद असायचा. तिनेही त्याचा पाहिला नव्हता. कॅमेरा हातावरच राहायचा, मॅडमचा नियम. तो तिला 'शिट्टीवाल्या' म्हणायचा आणि ती त्याला काहीच म्हणायची नाही. तोंडावर हातराव कसं म्हणायचं?

"कुणाशी बोलतेस गं?" आईने एकदा दारातून विचारलं.

"हाताशी."

"हाताला तोंड कधीपासून फुटलं?"

आई सरावासाठी स्वतःचा हात पुढे करायची, मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन. पण आईची शीर काही केल्या दिसायची नाही. "अख्ख्या घराला माझी कटकट सापडते," आई म्हणायची, "आणि तुला एक शीर सापडेना?" बारकी पुन्हा फोनकडे वळायची. तिथे ती होती. रोज तिथेच. फाट्याच्या जरा वर.

मग एका दुपारी, मॅडम हात धुवायला गेल्या. खिडकीतून आलेलं ऊन त्याच्या मनगटावर पडलं होतं.

"उद्यापासून मी नाही," तो म्हणाला. "हॉस्पिटलात माणसं कमी पडतायत. साथीच्या इमारतीत मदतीला जातोय. ऑक्सिजनची नळकांडी हलवायची, पेशंटना न्यायचं आणायचं."

"मग आम्ही शिकायचं कसं?"

"सगळ्या तासांचं रेकॉर्डिंग आहे ना."

"आहे... तासांचं."

तासानंतरच्या बोलण्याचं नव्हतं. त्यालाही ते ऐकू आलं असावं.

"कॉलेज उघडलं की लॅबमध्ये या," तो म्हणाला. "पण कोण ते सांगायचं नाही. बघू ओळखता येतं का."

"मी ओळखीन. एका नजरेत. तुम्ही मला कशावरून ओळखणार?"

"कुकर घेऊन या."

पाण्याचा आवाज थांबला. मॅडमची पावलं वाजली. त्याने तळवा हळूच वर उचलला, किंचित, निरोपाला उचलतात तेवढा. आणि पडदा काळा झाला.

---

त्यानंतरचे महिने बारकीने रेकॉर्डिंग पाहण्यात काढले. भांडी झाली, ओटा पुसला, आईने हात जोडून साऱ्या आजाऱ्यांसाठी दोन शब्द म्हटले की ती स्टुलावर येऊन बसायची. घरच्यांच्या मते ती भारी अभ्यासू झाली होती. तीळ कुठे, खूण कुठे, शीर कुठे वळते, हे डोळे मिटून सांगता आलं असतं. बातम्यांत साथीच्या इमारतींची दृश्यं यायची. नखशिखांत पांढऱ्या किटमधली माणसं. त्यातला एखादा स्ट्रेचर ढकलताना दिसला की ती पडद्याजवळ जायची. एवढी माणसं, आणि एकाचाही हात उघडा नाही.

कॉलेज उघडलं. बारकी मास्क लावून, गणवेशाला कडक इस्त्री करून, सगळ्यात आधी लॅबकडे गेली. दारात एक वयस्कर काका चादरी झटकत उभे होते.

"आधीचे... इथे कुणी होते ना?"

"तो? साथीच्या इमारतीतच आहे अजून. तुझं काही राहिलंय का त्याच्याकडे?"

"नाही," बारकी म्हणाली. मग चालता चालता पुटपुटली, "हो."

वॉर्डात पहिल्या दिवशी तिची सुई चुकली. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच चुकायला लागली. बाकीच्या मुलींच्याही चुकत होत्या. वर्षभर एकाही पेशंटला हात न लावलेल्या त्या पोरी, कुणाचा पट्टा सैल, कुणाला घाम. पण हळूहळू त्यांचे हात बसत गेले. बारकीचा बसेना. ती देवाचं नाव घ्यायची, पट्टा बांधायची, नेमकी जागा धरायची, आणि तिथे काहीच नसायचं. पेशंट कळवळायचे. एका मावशींनी हात ओढूनच घेतला. "राहू दे गं बाई, मोठ्या सिस्टरना बोलव."

मॅडमनी तिला खिडकीपाशी नेलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"आज तीन पेशंट. तिघांना तू एकाच जागी टोचलंस. कळलं का तुला?"

"नाही मॅडम."

"कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूला. तिथे एकाची हाडावरची कातडी, एकाची चरबी. तुझ्या सगळ्या पेशंटांना एकच हात आहे का?"

बारकीचे कान तापले.

"कुणाचा हात शोधतेस तू?" मॅडमनी विचारलं.

मॅडम थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मास्कवरचे डोळे मऊ झाल्यासारखे वाटले, पण आवाज तोच राहिला.

"ह्या वर्षात तुम्ही सगळ्याच एक हात पाहून शिकलात. इलाज नव्हता. पण बाकीच्यांनी तो सोडून दिला. तू सोडत नाहीयेस. सोमवारी प्रात्यक्षिक आहे, खऱ्या पेशंटवर. नाही जमलं तर मला तुला पुढे पाठवता येणार नाही, वर्ष पुन्हा करावं लागेल. मनात आणलं तरी मला काही करता येणार नाही."

त्या संध्याकाळी बारकी वसतिगृहाच्या जिन्यात बसून राहिली. सोडत नाहीयेस. खरंच होतं ते. वर्षभरात तिला आपलं म्हणून काही मिळालं असेल तर तो एक हात. तो सोडला तर उरलं काय? आणि नाही सोडला तर... आईने ओळखीपाळखीत सगळीकडे सांगून ठेवलं होतं, आमची बारकी आता नर्स होणार.

---

शनिवारी दुपारी लॅब रिकामी होती. काका जेवायला गेले होते. बारकी रबराच्या हातापुढे बसली होती. सुई नाही, नुसता पट्टा बांधायचा, सोडायचा. रबराच्या शिरा काही चुकवत नव्हत्या.

दार वाजलं. मास्क लावलेला एक माणूस आत आला. उंच, वाळलेला, शर्ट अंगावर सैल झालेला. तो तिच्या टेबलाशी आला, समोरचं स्टूल ओढून बसला. एक अक्षर न बोलता डावी बाही कोपराच्या वर दुमडली, आणि रबराचा हात बाजूला सारून तिथे आपला ठेवला.

तीळ. चंद्रकोर.

बारकीने हातातला पट्टा खाली ठेवला.

"ओळखता येतं का?" तो म्हणाला. तोच आवाज, जरासा अधिक थकलेला.

"हातराव," तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"काही नाही." तिने डोळे मिटले. "वर्गात... मुली म्हणायच्या."

तो हसला. मास्कवरून डोळ्यांच्या कडांना बारीक घड्या पडल्या. हे डोळे असे असतील असं तिला वाटलं नव्हतं. त्याहून चांगले होते.

"आणि तुम्ही शिट्टीवाल्या. आवाजावरून धरलं मी. दारातून ऐकत होतो, रबराच्या हाताला तुम्ही 'दुखणार नाही हं' म्हणत होतात."

"चोरून ऐकायचं नसतं."

"तासांनंतर रोज तेच तर केलं. काकांनी सांगितलं मला, एक मुलगी विचारत आली होती, तिची सुई बसत नाही म्हणून. घ्या." त्याने हात तिच्याकडे सरकवला. "टोचा. कितीदा लागेल तितक्यांदा. मी खिडकीबाहेर बघतो."

सुईला भिणारा हा माणूस.

"मॅडम नसताना सुई काढायची नाही," बारकी म्हणाली. "आणि तुमच्यावर जमलं तरी काय उपयोग? तुमचा हात मला पाठ आहे." बोलून गेल्यावर त्याचा अर्थ तिच्याच लक्षात आला. तिने घाईने ग्लोव्हज चढवले. "म्हणजे... तासांमुळे."

"तासांमुळे," त्याने मान डोलावली, फार गंभीरपणे. "पण आता नसेल पाठ. बघा तरी."

तिने पट्टा बांधला. बोट नेहमीच्या जागी गेलं, फाट्याच्या जरा वर.

तिथे शीर नव्हती. तिथे दोरीसारखं काहीतरी लागत होतं, कडक, दबत नव्हतं. आजूबाजूला बारीक बारीक काळसर डाग.

बारकीने वर पाहिलं.

"मलाही गाठलं त्या आजाराने, तिकडे असताना," तो सहज बोलल्यासारखं म्हणाला. "बरेच दिवस पडून होतो. सलाईन सारखं ह्याच हाताला, म्हणून ही शीर गेली. उजवा मी देतच नव्हतो. म्हटलं, हा तरी ओळखीचा आहे."

"आणि मला..." ती थांबली. कळवायला त्याच्याकडे होतं काय? एक आवाज आणि कुकर. ती त्या डागांकडे बघत राहिली. इतके महिने ती जो हात डोळ्यांसमोर घेऊन बसली होती, तो कधीच बदलून गेला होता. आणि तिला पत्ताच नव्हता.

"दुखलं का खूप?" तिने विचारलं.

"भीती मेली, एवढं झालं. नाही, खोटं बोललो, अजून आहे. पण सांगू का... तिथे सगळ्यांनाच शीर सापडेना. किटमध्ये कुणाला नीट दिसायचंच नाही, चष्म्यावर वाफ. शेवटी एक सिस्टर आली. तिने हाताकडे पाहिलंच नाही. भिंतीकडे तोंड करून नुसतं बोट फिरवत राहिली, कुणाचं लहान मूल झोपवावं तसं. आणि पहिल्या झटक्यात लागली. मला कळलंसुद्धा नाही."

बारकीने डोळे मिटले.

अंधारात हात वेगळाच होता. तीळ नाही, चंद्रकोर नाही, पेनाची खूण नाही. नुसती ऊब. ती दोरी ओलांडून बोट पुढे गेलं, चुकलं, मागे आलं. तो अगदी स्थिर बसला होता, पूर्वी बसायचा तसा. कुठेतरी आतल्या बाजूला बोटाखाली काहीतरी दबलं आणि अलगद वर आलं. मऊ. भरलेलं.

"ही," ती डोळे न उघडता म्हणाली.

"कुठली?"

"नवीन आहे. मी पाहिली नव्हती कधी."

"मीही नाही," तो म्हणाला.

तिने पट्टा सोडला. दोघांपैकी कुणीच हात मागे घेतला नाही. मग काकांच्या चपला बाहेर वाजल्या, आणि रबराचा हात घाईघाईने जागेवर आला.

"सोमवारी इथेच असेन," उठताना तो म्हणाला. "जमलं तरी या. नाही जमलं तरी."

---

सोमवारी बारकीच्या वाट्याला खिडकीजवळच्या पलंगावरच्या आजी आल्या. कागदासारखी पातळ कातडी, हातभर निळ्या शिरा वर आलेल्या. बघणाऱ्याला वाटावं, किती सोप्पं.

"आधीच्या पोरींनी चाळण केलीय माझ्या हाताची," आजी म्हणाल्या. "तू कितीदा टोचणार आहेस?"

"तुम्ही सांगाल तितक्यांदा, आजी."

"गोड बोलतेस. गोड बोलणाऱ्याच जास्त टोचतात." आजींनी डोळे मिटून देवाचं नाव सुरू केलं. "तूही घे त्याचं नाव. दोघींनी घेतलं तर बरं."

मॅडम पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. बारकीने पट्टा बांधला. नजर आपोआप कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूला गेली. तिथे एक शीर दिसतही होती, अगदी तशीच, दोन वाटांनी फुटलेली. क्षणभर तिचं बोट तिच्याकडे ओढलं गेलं. तिने ते टेकवलं. शीर बोटाखालून सुळकन बाजूला पळाली.

ही नव्हे. हा तो हात नव्हेच.

बारकीने डोळे मिटले. मनातल्या मनात त्या ओळखीच्या हाताचा निरोप घेतला, तळवा जरासा उचलून. आणि ह्या अनोळखी, थंड, म्हाताऱ्या हातावरून बोट फिरवत राहिली, घाई न करता. वॉर्डात कुणीतरी खोकलं. आजींचं नाव घेणं चालू होतं. मनगटाच्या बरंच वर, जिथे डोळ्यांना काहीच दिसलं नसतं तिथे, बोटाखाली काहीतरी हळूच वर आलं.

तिने डोळे उघडले, सुई टेकवली, आत नेली. नळीच्या तोंडाशी रक्ताचा लहानसा लाल ठिपका उगवला.

"झालं, आजी."

"कधी?" आजींनी एक डोळा उघडला. "मला वाटलं नुसती गोंजारतेस."

मॅडम जवळ आल्या. पट्टी नीट चिकटली का पाहिलं, थेंब पडतात का पाहिलं. मग बारकीकडे वळल्या.

"कुणाचा हात होता हा?"

"आजींचा, मॅडम."

"हं," मॅडम म्हणाल्या. आणि निघता निघता, मागे न बघता, "लॅबमध्ये निरोप दे, उद्यापासून तास तिथेच. डमींवरच्या चादरी काढून ठेवायला सांग. तू जाणारच आहेस तिकडे."

बारकीने आईला फोन लावला. जमलं, एवढंच सांगितलं. पलीकडे आईने हात जोडले असणार, हे बारकीला न बघता कळलं.

लॅबचं दार उघडं होतं. तो खोलीच्या मध्यावर उभा राहून चादरी काढत होता, झटकून घडी घालत होता. दुपारच्या उन्हात बारीक धूळ तरंगत होती. पंखा मात्र स्वच्छ होता. ती आत आली तसा तो थांबला. चादर छातीशी धरून नुसता बघत राहिला.

बारकी बेसिनपाशी गेली. साबण लावला, पेरापेरापर्यंत, सावकाश. नळ बंद करून हात कोरडे केले. मग स्टूल ओढून बसली, आणि समोरचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

तो बसला. बाही दुमडायला लागला.

"राहू दे," ती म्हणाली. "एवढी नको."

त्याने हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. तिने बोटं त्याच्या मनगटावर टेकवली, तिळाच्या शेजारी. मध्ये काहीच नव्हतं आज. पडदा नाही, रबर नाही.

"ग्लोव्हज विसरलात," तो म्हणाला. आवाज जरा अडखळला होता.

"विसरले नाही."

बाहेर कुणीतरी घंटा वाजवली, वऱ्हांड्यातून पावलं गेली. ती बोटं टेकवून बसली होती, आणि बोटांखाली काहीतरी न थांबता सांगत होतं.

"किती ठोके पडतायत?" त्याने हळूच विचारलं.

बारकीने मान हलवली.

"मोजत नाहीये मी," ती म्हणाली.